सर कुलगुरू होणार, म्हणजे मी पीए

३ जून
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. आमचे तत्त्वज्ञानाचे सर कुलगुरू होणार, म्हणजे मी त्यांचा पीए. सध्या कागदोपत्री कंत्राटी शिपाई. ताईला फोनवर पीए असंच सांगितलंय. ती म्हणाली, भावजींच्या गॅरेजात जागा आहे, शहाणा असशील तर परत ये. शहाणा आहे म्हणूनच जात नाही.

५ जून
सरांचा विषय समजून घेतला. चारशे वर्षांपूर्वी एक तत्त्वज्ञ शेगडीजवळ बसला आणि दिसेल त्या गोष्टीवर शंका घेत सुटला. शेवटी शिल्लक राहिला फक्त 'मी', आणि तो मी कोण हा प्रश्न. सर त्याच्यावर तीस वर्षं पोट भरतायत. मी आठवीत गणिताच्या मास्तरांवर तेवढीच शंका घेतली, तर वर्गाबाहेर!

६ जून
शंकेचा सराव. विभागाच्या चहाचं दूध खरं की भास, या विचारात ते उतू गेलं. आमच्या विभागाच्या क्लार्कबाई म्हणाल्या, फडकं खरं आहे, घे आणि पूस.

११ जून
उद्या निवड समिती. सर नव्या ग्रंथाची पानं जमिनीवर पसरून जेवायला गेले. सात प्रकरणांचे सात गठ्ठे आणि प्रत्येकात पुन्हा पान एक, पान दोन! एवढा विद्वान माणूस, पण आकडे लावता येत नाहीत. मी सगळे एक एकत्र केले, मग सगळे दोन, मग तीन. वर स्वतःहून बाइंडिंग. सरांनी न उघडताच हातात तोलून पाहिलं. छान म्हणाले.

१२ जून
समितीला पाणी द्यायला मीच. सरांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच पानावर घामाघूम. अध्यक्ष म्हणाले, मांडणी धाडसी आहे. दुसरे म्हणाले, विचार मध्येच तुटतो, वाचक शंकेत पडतो, हेच तर हवं. तिसरे म्हणाले, मी हेच म्हणणार होतो. सरांनी घाम पुसला. म्हणाले, हो, मुद्दामच केलंय.
सरांकडून माझं नाव सांगायचं राहिलं. गडबडीत होतं असं.

१३ जून
सर कुलगुरू! शर्ट शिवायला टाकला. ताईला कळवलं, गॅरेजात खुशाल दुसरा माणूस घ्या.

२० जून
सर मोठ्या इमारतीत गेले. बोलावणं नाही. माझं टेबल यायचं असेल.

२१ जून
स्वतःच गेलो. दारावरच्या शिपायाला म्हटलं, सांगा, मी आलोय. तो आत जाऊन आला. म्हणाला, सर विचारतायत, मी म्हणजे कोण? अरे, हा तर त्यांचा आवडता प्रश्न! तीस वर्षं घातलीत त्यावर. त्यांना विचार करायला वेळ देऊन परत आलो.

२७ जून
कुलगुरूंची पहिली सही असलेली नोटीस, बोर्डावर लावायला खास माझ्या हाती. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. एकदम सरळ. क्लार्कबाईंनी वाचली आणि मला बसायला खुर्ची दिली. तेव्हा मीही वाचली. सर्व कंत्राटी शिपाई एक तारखेपासून बंद.
तीनदा वाचली. शंका घ्यायला कुठे जागाच सापडेना.
संध्याकाळी ताईला फोन. गॅरेजचं सहज विचारलं. म्हणाली, तूच सांगितलंस म्हणून परवा एकाला ठेवला. भावजी खूश आहेत, सगळे नटबोल्ट नंबराप्रमाणे लावतो.
म्हटलं, तेवढं तर मलाही येतं.