मिठाचा बर्फ

९ मे

मेडिकलवाला आज पुन्हा तेच म्हणे. "बाई, ती इन्सुलिनची जुनी शिशी आता येत नाई. पेन घ्या." पेनाचा भाव शिशीच्या कितीतरी पट. रोशनी बाजूले उभी, माझ्या तोंडाकडे पाहून राह्यली. म्हणून मी हासली अन् म्हटलं, "घेऊ ना, त्यात काय." घेतलं नाई. घरची शिशी दोनेक आठवडे पुरन.

बारा वर्षांची पोट्टी. तिच्या अंगात इन्सुलिन बनतच नाई, सकाळ-संध्याकाळ सुई लागते. नाई लागली तर काय होते ते मी एकदा पाह्यलं आहे. तिचा तो धापा टाकल्यासारखा श्वास — जास्त लिहीत नाई. लिहिलं की जीव घाबरा होते.

१० मे

रोशनीच्या बाबांचा फोन. ते घुग्गुसले ट्रक चालवतात, महिन्यातून एकदा घरी. म्हणे, "सरकारी दवाखान्यात फुकट भेटते ना?" भेटते, असली तर. मागच्या खेपेले सिस्टरनं सांगतलं, पुढच्या आठवड्यात या. शुगरले सांगू काय मंग, की बाई, तू पण पुढच्या आठवड्यात वाढ?

१३ मे

पत्रूभाऊ आले होते. वनखात्यातून रिटायर झाले, एकटेच राहतात, त्यांची पण सुई चालू आहे. आमचं गाव अन् बाजूच्या वस्तीचा टोला धरला तर सुईवाली सात घरं. म्हणे, "एकेकटे गेलो तर दुकानदाराचा भाव. सातही जण मिळून नागपूरच्या होलसेलवाल्याकडे गेलो तर आपला भाव." सगळ्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या जमा करून राह्यले. स्वस्त शिशी दुकानात ठेवायलाच लावा म्हणून तहसीलीत अर्जही देऊन आले.

मी म्हटलं, "भाऊ, अर्जानं काय होते?"

"काई नाई होत. पण आपण गप्प बसलो तर भाव वाढते, येवढं नक्की."

१८ मे

नागपूरहून शिश्या आल्या! निम्म्याहून कमी भावात. कंपनी तीच, शिशी तीच. मंग इतके दिवस आमच्याकडून काय घेऊन राह्यले होते हे लोक?

सगळ्या शिश्या पत्रूभाऊंच्या फ्रीजमध्ये. गावात भरोशाचा फ्रीज तो एकच. नवी नवरी पाहाले जाते तसे सगळे पाहून आले. आज झोप येईन.

२१ मे

वादळानं खांब पाडले. लाइट कवा येईन कोणाले ठाव नाई. बाहेर उन्हाची नुसती आग. सात घरांचं औषध बंद फ्रीजमध्ये गरम होऊन राह्यलं. पत्रूभाऊ येरझारा घालत होते.

इतवारीबाई धावली. ढिवराची बाई, आरमोरीच्या बाजारात मासोळ्या विकते. तिचा थर्माकोलचा डबा घासून-धुऊन आणला. "मासोळी टिकते तर औषध नाई टिकन?" बर्फ फोडला, वरून जाडं मीठ टाकलं. मिठानं गारवा जास्त धरते, त्यांच्या धंद्याची रीतच आहे. शिश्या बर्फात रोवल्या अन् झाकणावर ओलं पोतं टाकलं. मी तिचे हात धरले. देवमाणूस आहे बाई.

२३ मे

लाइट आली. ज्याच्या त्याच्या शिश्या वाटून झाल्या. आमच्या दुधाळ औषधाच्या शिशीत बुडाशी कण दिसतात. जोरात हलवली. गेले नाई. नवीन मालात राहत असतीन.

२५ मे

शुगर साडेतीनशेच्या वर. रोशनीले विचारलं, "आंबा खाल्ला काय?" "नाई माय." "खरं सांग!" "नाई ना माय." मी पाठीत धपाटा घातला. रडली नाई. तांब्याभर पाणी प्याली. मंग अजून एक तांब्या.

२६ मे

मीटरवर आकडाच आला नाई. म्हणजे मशीनच्या मोजण्यापलीकडं. ओकाऱ्या. तोंडाले सडक्या फळावाणी वास. तोच श्वास. ऑटो करून तालुक्याले नेलं, सलाईन लावली. डॉक्टरबाई लहानशीच पोरगी. विचारे, "औषध ठेवलं कुठं होतं?"

सांगतलं.

"मिठाच्या बर्फात? गोठलं ते. गोठलं की कामातून गेलं, मग नुसतं पाणी टोचल्यासारखं."

सातही घरांचं गेलं. अन् मी पोरीले मारलं.

२८ मे

घरी आणलं. दवाखान्यातून एका दिवसापुरतं औषध दिलं, पुढचा स्टॉक यायचा आहे. मेडिकलवाला हासून म्हणे, "स्वस्तातलं असंच राहते. डुप्लिकेट." सुकलू पण तेच म्हणू लागला, त्याच्या आईची सुई चालू आहे. "पुन्हा पैसे नाई देत," म्हणे.

पत्रूभाऊंनी विहारासमोर सगळ्यांले बसवलं. "माल खरा होता. आपण गोठवला. आता भेऊन पुन्हा त्याच दुकानात गेलो तर जन्मभर त्याच्याच भावात जगा. नवा माल सांगतला आहे, चार-पाच दिवसांत येते. म्हाताऱ्यांचं निभते तोपर्यंत. लेकराचं निभत नाई, तिचं पाहू." शेवटी सुकलूनंही मान हालवली.

इतवारीबाई मागं बसली होती, तोंडात पदर. कोणी बोललं नाई तिच्याशी. मी पण नाई. राग नाई आला, पण बोलली असती तर तिथंच रडली असती.

दवाखान्यातलं सकाळी संपते. मेडिकलमधलं पेनही संपलं म्हणे. उद्या संध्याकाळी काय टोचू?

२९ मे

पत्रूभाऊ भरदुपारी आले. ओल्या फडक्यात शिशी. "ही जुनी आहे, अर्धी उरलेली. बर्फात गेलीच नाई."

"अन् तुमचं?"

"माह्याकडं आहे दुसरी. म्हाताऱ्याले लागते किती?"

दाखवा म्हणावं असं मनात आलं. म्हटलं नाई. शिशी घेतली. ते दाराले टेकून उभे होते, दोनदा पाणी मागतलं. ऊन होतं.

३० मे

शुगर उतरली. रोशनीनं स्वतःहून भात मागतला. पोट्टी जेवत होती अन् मी नुसती पाहत बसली.

आता एकच भेव. भाऊ शिशी परत मागाले येतीन. फाटक वाजलं की आधी शिशी लपवते. रोशनीले सांगून ठेवलं, भाऊ आले तर म्हण माय घरी नाई.

१ जून

सकाळीच फाटक वाजलं. मी मोरीत जाऊन उभी राह्यली. इतवारीबाई होती. म्हणे, पत्रूभाऊ त्यांच्या अंगणात पडलेले भेटले, बेशुद्ध. गडचिरोलीले नेलं. त्यांचा फ्रीज उघडून पाह्यला तिनं. साऱ्या बर्फातल्याच शिश्या. दुसरी नव्हतीच.

रोशनीची शुगर आज एकशे तीस.