मागे राहणारं माणूस

आई, परवा आपल्या घराला कुलूप लागणार आहे. तू होतीस तोवर या दाराला कधी कुलूप लागलं नाही, म्हणून आधी तुला सांगतो. पोरांना मे महिन्याची सुट्टी लागली आहे आणि तू अंगाखांद्यावर खेळवलेला माझा मुलगा सगळ्यांना घेऊन मुंबईला निघाला आहे. तिथे समुद्राकाठच्या मैदानावर विजेवर फिरणारे पाळणे, बुटकी आगगाडी, आरशांचं घर असं सुट्टीपुरतं एक गावच उभं केलंय म्हणे. कंपनीतल्या मित्राची जीप मिळाली आहे. सगळे एकाच गाडीत, खंडाळ्याच्या घाटातून. हे ऐकल्यापासून मला भाकरी उतरत नाही. गाडीचे ब्रेक कुणी पाहिले का, त्या पाळण्यांचे बोल्ट कोण आवळतं, हेच डोक्यात फिरतं. रोज काहीतरी विचारतो आणि मुलगा वैतागतो. "आबा, फिरायला चाललोय, लढाईला न्हाई."

खरी भीती वेगळीच आहे, ती त्याला नीट सांगता येत नाही. सगळ्यांनी मिळून घर सोडायचं नाही, दिवा लावायला एक माणूस मागे राहिलंच पाहिजे, ही तुझी रीत. तुझ्या माहेरची सगळी माणसं एका लग्नाला जायला इंद्रायणीत एकाच नावेत बसली. तुला गोवर आला होता, म्हणून तुला शेजारणीकडे ठेवलं होतं. नाव उलटली, कुणीच परत आलं नाही. "मी मागं ऱ्हायले म्हनून त्या घरात दिवा लागला," एवढंच तू सांगायचीस आणि चुलीत फुंकर घालत बसायचीस. शाळा मी चौथीत सोडली, पण हा धडा पक्का पाठ केला. पुढे चिंचवडला कंपनीच्या गेटवर वॉचमन झालो तेव्हा मनात आलं, बरं झालं, आता मागे राहण्याचाच पगार मिळतोय.

पण या आठवड्यात माझ्या लहानपणचा जत्रेचा तो दिवस सारखा आठवतो. तू अंधार असतानाच उठली आहेस, धपाटे थापते आहेस, लसणाची चटणी फडक्यात बांधते आहेस. आम्ही सगळे बैलगाडीत. तू चौकटीला हात लावून उभी. "जावा तुमी, मी हाय की घरी." जत्रेत लाकडी पाळणा होता, गडी तो हातांनी ओढून फिरवायचे. परत आलो तर तू दारातच विचारलंस, "बसलास का पाळण्यात? वरनं काय दिसतं रं?" मी म्हणालो, "ठावं न्हाई. मी डोळं मिटलं व्हतं." तू कपाळाला हात लावलास. "भित्र्या! तुला धाडून वाया गेलं. मी गेले असते तर डोळं टक्क उघडं ठेवलं असतं." सगळे हसले, मीही हसलो. तू आमचे पाय धुवायला पाणी तापवायला आत गेलीस. त्या बोलण्यात काय होतं, याचा विचार मी म्हातारा होईतो केला नाही.

रविवारी दुपारी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी मागे राहतो. सून चपात्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "राहा आबा, जबरदस्ती नाही. पण घाटाच्या गोष्टी सांगून पोरांना घोर लावू नका. धाकटा काल झोपेत 'ब्रेक, ब्रेक' ओरडत होता." मुलगा म्हणाला, "आबांना मधूनच चक्कर येते. एकटं कसं ठेवायचं? राहू दे, रद्द करू." मग नात उठून दाराशी गेली. पेपरात आलेलं मोठ्या पाळण्याचं चित्र कापून तिनं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, येता-जाता ती त्यावर बोट फिरवते. ती म्हणाली, "मग मी राहते आबांजवळ. तुम्ही जा. मी आहे की घरी."

आई, तिचा हात चौकटीवर होता. तिला कुणी लगेच नको म्हणालं नाही. सून पुन्हा लाटायला लागली, मुलगा जरा सैल झाला. एवढंसं लेकरू, पण सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. तुझंही असंच ठरून गेलं असेल. घाटाची भीती मला आहेच, पण ही दुसरी भीती तिच्याहून मोठी निघाली. मी म्हणालो, "तू न्हाई राहायचं. मी येतो. कुलूप आणा." माझा आवाज इतका चढला की धाकटा रडायला लागला.

कुलूप आलं आहे, खुंटीला टांगलं आहे. रात्री कूस बदलली की तेच दिसतं. सुनेला मी म्हटलं, दाराला कुलूप असलं म्हणून काय झालं, आमची आई आहे की घरी. तुझा फोटो आहे ना भिंतीवर. कंपनीसाठी जमीन मोजायला आलेल्या साहेबांनी काढलेला. त्यातही तू दारातच उभी आहेस. बोलून गेलो आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून एवढं लिहायचा धीर झाला. हा कागद कुठे जायचा नाही.

आज दुपारी सगळे झोपल्यावर स्टुलावर चढलो होतो. म्हटलं, तुझा फोटो उतरवून पिशवीत घालावा, पाळण्यात मांडीवर घेऊन बसावं, माझे डोळे मिटले तरी तुझे उघडे राहतील. खिळ्यापर्यंत हात गेला. मग मनात आलं, सगळेच गेलो तर घरी कोण? हात खाली घेतला. फोटो अजून भिंतीवरच आहे.