काखेतली गाठ

प्रिय आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. रोज सकाळी प्रार्थना करते. तू शिकवलंस तसं हातातल्या कामात मन ठेवते. प्रयोगशाळेत रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव दोनदा वाचते. त्याने खरंच बळ येतं.

पण ताईने फोनवर तुझ्या काखेतल्या गाठीचं सांगितल्यापासून डोळे मिटले की तीच दिसते. ती विरघळू दे, एवढंच मागत बसते. काल माझ्या खोलीत राहणारी नर्स मैत्रीण म्हणाली, "अगं, देवाचे कान किटले! आईशी बोललीस का?"

नव्हते बोलले. तू घाबरशील असं वाटलं. खरं तर मीच घाबरले होते.

आज काही मागितलं नाही, नुसती शांत बसले. उठले ती हे पत्र लिहायलाच.

आई, बाबांच्या पथ्याचं कारण नको सांगूस. एक दिवस ते हाताने वाढून घेतील. खोकला कमी आहे ना त्यांचा? सोमवारी ताईबरोबर डॉक्टरांकडे जा. गाठ साधीच असेल, पण ते त्यांना ठरवू दे. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला मिरवतेस, मग एवढं ऐक.

नाही गेलीस, तर मंगळवारी मी दारात उभी असेन. रजा मिळो न मिळो.

तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी