स्टेजच्या पोटात वाळू

३ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीण आज पुन्हा चष्मा विसरली. — हे पहिलं लिही! थांबलीस का? मी सांगायचं आणि तू लिहायचं, असं ठरलंय आपलं. काल वही विसरलीस, परवा पेन, आज चष्मा. उद्या स्वतःलाच घरी विसरून येशील. घे, माझा लाव. मला अक्षराशी देणंघेणं नाही, माझा चष्मा तांदळातले खडे बघण्यापुरता.

तर लिही. आमच्या साहेबांनी — साहेब म्हणजे माझा मुलगा, ऑफिसातून घरी आला तरी त्याच्यातला साहेब काही उतरत नाही — तळघरात थिएटर करायचं काढलंय. जिथे इतकी वर्षं मोडके पंखे आणि बिनचाकाच्या बॅगा नांदत होत्या, तिथे आता भिंतभर पडदा येणार, पाय लांब करून झोपायच्या खुर्च्या येणार. आणि पडद्यापुढे स्टेज!

मी म्हटलं, "सिनेमाला स्टेज कशाला रे? आतली माणसं बाहेर यायची आहेत का?"

तर म्हणाला, "आई, ते तुझ्यासाठीच आहे. उद्घाटनाला तू आणि मास्तरीणबाई तुमच्या नाटकातला प्रवेश करा."

तुझ्यासाठीच! दाढेखाली लवंग धरावी तसा तो शब्द दुपारभर धरून ठेवला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्री आला. शांत माणूस. कानावर पेन्सिल, खिशात खडू. तळघराच्या फरशीवर त्याने खडूने स्टेज आखलं, पुढची कड गोलाकार. मला म्हणाला, "आजी, चालून दाखवा. कुठून येणार, कुठे उभ्या राहणार?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला विचारलं, कुठे उभ्या राहणार!

मी चालले. डावीकडून आत, तीन पावलं, मग मधोमध. तिथे त्याने एक फुली मारली.

साहेबांना स्टेज कमरेएवढं उंच हवं होतं. मी म्हटलं, छत बघ आधी. एवढं उंच केलंस तर राणीचा मुकुट दिव्यात अडकेल आणि प्रेक्षक आग विझवायला धावतील. शेवटी माझ्या हाताने एक वीत आणि वर चार बोटं, असं ठरलं. चढायला बाजूने उतार, माझ्या गुडघ्यांसाठी. आणि एका बाजूला विंग, माणूस आडवं उभं राहील एवढीच.

मी सांगितलं, आतून पोकळ ठेव. पाऊल टाकलं की वाजलं पाहिजे. कोणीतरी आलंय हे आधी कानाला कळतं, मग डोळ्यांना.

मिस्त्री म्हणाला, "पोकळ ठेवलं तर सिनेमाचा मोठा काळा स्पीकर वर ठेवल्यावर सगळं घुमेल, आजी. अशा स्टेजच्या पोटात वाळू भरतात."

साहेब म्हणाले, "नको नको, आईच्या मनासारखं कर."

ऐकलंस ना तू? तूही होतीस तिथे. लिही, "मीही होते."

९ फेब्रुवारी, सोमवार

हे विसरायच्या आधी सांगते. म्हणजे तू विसरायच्या आधी.

कारखान्याच्या वसाहतीत आम्हा बायकांचं नाटक मंडळ होतं. मास्तरीण राणी व्हायची, कारण ती गोरी आणि शिकलेली. मी विंगेत. प्रॉम्प्टर! अक्षर येत नाही आणि प्रॉम्प्टर! मास्तरणीने नाटक मला वाचून दाखवलं की ते माझ्या डोक्यात जाऊन बसायचं, सगळ्यांचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि राणीसरकार? ऐन भरात, भर दरबारात थबकायच्या. डोळे विंगेकडे! मग मी अंधारातून वाक्य सोडायचे, ते झेलून ही टाळ्या घ्यायची.

रागावू नकोस. टाळ्या तुला शोभायच्या. पण वाक्य माझ्या तोंडून आधी निघायचं, हे तुलाही माहीत आहे.

नवऱ्याने एकदा विचारलं होतं, "तू दिसलीच नाहीस गं नाटकात?" मी म्हटलं, "दिसले असते तर नाटक पडलं असतं."

तेव्हा हसले होते. आता या वयात एकदा दिसायचंय. एवढंच. घरचे चार लोक असले तरी चालतील.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सांगाडा उभा राहिला. त्यावर प्लायचे तक्ते नुसते ठेवलेत, अजून ठोकले नाहीत. तरी वाजतात! मी डावीकडून आले — ठक, ठक, ठक — आणि मिस्त्रीने रंधा थांबवला. माझ्यासाठी रंधा थांबला!

मी राणी, मास्तरीण विंगेत. उलटं झालं सगळं. राणी दरबाराला म्हणते, "तुम्ही सगळे इथे बसला आहात. पण माझ्याकडे बघतंय कोण?" — हे मी म्हटलं आणि कुणी न सांगता पुन्हा एकदा म्हटलं. वेडी बाई.

मास्तरीण विंगेतून फोन धरून उभी. "फोन कशाला?" तर म्हणे, "संवाद त्यात आहेत." असू दे. तिला कागद सापडत नाही, फोन तरी हाताला बांधलेला असतो.

तालमीनंतर उतारावर परवासारखीच जरा चक्कर आली. क्षणभर. भिंत धरली, गेली. लिहून ठेव, पण कुणाला सांगायचं नाही. सुनेला कळलं तर मला अंथरुणात शिवून टाकेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सून आज मला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी म्हटलं, दात आहेतच कुठे दाखवायला! तर म्हणाली, "आई, जे आहेत ते तरी दाखवू." गोड बोलून नेलं. तिथे अर्धा दिवस मोडला.

परत आले तर स्टेज तयार. काळं कार्पेट, कडेखाली दिव्यांची पट्टी. देखणं आहे, खोटं कशाला बोलू. मी उतारावरून चढले, विंगेजवळ पहिलं पाऊल टाकलं.

काही नाही.

टाच आपटली. ओल्या पोत्यावर थाप मारावी तसं. मुकं! पोट भरून वाळू घातली होती त्याच्या. आणि मला दातासाठी पाठवलं होतं.

मिस्त्री हत्यारं गोळा करत होता. वर बघेना. म्हणाला, "मालकांनी सांगितलं, आजी." मग हळूच, "सवड झाली की मधोमध उभं राहून बघा."

"मला नको शिकवू मधोमध काय असतं ते!" — असं बोलले मी त्याला. तसाच मान खाली घालून गेला.

साहेबांना विचारलं. "अगं आई, वरून कार्पेट आहे. आवाज कुणाला ऐकू येणार?"

मला. मला ऐकू येणार होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीण म्हणते, जाऊ दे, एवढ्याशा वाळूने नाटक थांबतं का. बरं. गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिही. मान वर करू नकोस, लिही.

काल उद्घाटन झालं. मी निळं लुगडं नेसले. पुठ्ठ्याचा मुकुट मांडीवर. पुढच्या रांगेत बसवलं मला, खुर्ची इतकी मऊ की उठायला दोन माणसं लागावीत. स्टेजवर दोन्ही बाजूंना दोन उंच स्पीकर आणि मधे तो घुमणारा काळा स्पीकर, ढोलच नुसता. मी सुनेला विचारलं, "हे कधी हलवणार?" ती नुसती हसली, माझा हात दाबला.

दिवे गेले. मी उठायला लागले. साहेब म्हणाले, "बस, बस आई. बघ आता!"

आणि भिंतीवर मी.

एवढी मोठी! तोंड दरवाजाएवढं. घरातलं विटकं लुगडं, केस सुटलेले, मागे मिस्त्रीचा रंधा. त्या तालमीतली मी. राणी सुरू झाली. आधी वा वा, मग टाळ्या. भिंतीवरची मी म्हणाली, "माझ्याकडे बघतंय कोण?" — आणि खरंच कोणी बघत नव्हतं! मी तिथेच बसले होते, मुकुट मांडीवर घेऊन, हाडामांसाची. एक मान वळली नाही. टाळ्या सगळ्या भिंतीला.

सून आनंदाने रडत होती. साहेब म्हणाले, "कसं वाटलं सरप्राइज? तुला चक्कर येते ना, म्हणून म्हटलं धोका नको. आणि आता कधीही लावून बघता येईल, आई. नाटक कायमचं राहिलं तुझं."

चक्कर येते, हे त्याला कुणी सांगितलं? ते चित्र कुणी काढलं?

लिही, "मी सांगितलं. मी काढलं." मोठ्या अक्षरात लिही.

वाळूचंही तुला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं! आणि मी इथे बसून सांगत होते, पाऊल वाजलं पाहिजे, आणि तू तेच वळणदार अक्षरात उतरवत होतीस. एक अक्षर वाकडं गेलं नाही तुझं!

म्हणतेस, त्याने विनवलं. म्हणतेस, तू पडलीस तर मी कुणाकडे येऊ. रडू नकोस, कागद भिजेल.

सगळी वाक्यं मी तुला दिली. एक वाक्य माझ्याजवळ ठेवायचं होतं, तेही तू पोचवलंस.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीण आली. चहा दिला नाही. हेही तिच्याकडूनच लिहून घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रविवारी संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसची मंडळी येणार. आधी भिंतीवरची मी दाखवणार, मग सिनेमा. "आई, तू वर आराम कर. खाली गर्दी होईल." भिंतीवरची मी गर्दीत चालते. मी चालत नाही.

आज साहेब तळघराचा दरवाजा कौतुकाने दाखवत होते. जाड, कडांना रबर. आत काय चाललंय ते बाहेर ऐकू येत नाही म्हणे. कडी आतून, म्हणजे कुणी मधेच उघडून उजेड करायला नको. हवेसाठी तेवढी एक खिडकी, बागेच्या बाजूला, जमिनीलगत. वा, म्हटलं. पोराने डोकं चालवलंय.

मास्तरीण, रविवारी दुपारी बागेत ये. आणि चष्मा विसरलीस तर बघ.

१ मार्च, रविवार

मी खाली आहे. कडी आतून. मास्तरीण बाहेर गवतावर बसून या खिडकीतून लिहून घेतेय. चष्मा आणलाय, शाबास.

साहेब दरवाजा ठोकताहेत. कडी हलताना दिसते, ठोकणं ऐकू येत नाही. छान दरवाजा आहे.

काळा ढोल मी कार्पेटवरून ढकलत कोपऱ्यात नेला. मुकुट घातला. आणि मधोमध गेले — मिस्त्रीने फुली मारली होती त्या अंदाजाने.

ठक.

पुन्हा आपटली टाच. ठक! मास्तरीण, तुलाही ऐकू आलं ना? आजूबाजूला सगळी वाळू, पण मधला एक खण त्याने रिकामा ठेवलाय. माझ्या दोन पावलांपुरता. आणि मी त्याला काय काय बोलले!

साहेबांना सांग, मंडळी आली की कडी काढेन. आधी कबूल कर म्हणावं, भिंत बंद राहील, मी सुरू. चक्कर आली तर स्टेज वीतभरच उंच आहे, मीच मापून घेतलंय. तू विंगेत ये, फोन बाहेर ठेवून. एखादं वाक्य विसरलेच तर — विसरणार नाही, पण ये.

आणि सुनेला सांग, खिडकीतून दोन उकडलेली अंडी पाठव. सोलून. मीठ वेगळं बांधून, आणि पाणी कोमट. राणीचा घसा आहे.