पप्पा, पाय वर घ्या

पार्थचे पप्पा,

कंपनीची गाडी कोपऱ्यावर आलीय, म्हणून घाईत लिहिते. पोहे कढईत झाकून ठेवलेत, पोरं उठली की द्या. रविवार असून मला ओव्हरटाईमला बोलावलंय, तुम्हाला सुट्टी आहे. दुपारी वन्सं कर्जतहून येणार आहेत आणि घर झाडायचं राहिलंय.

काल कामावरून आले तर घर लख्ख दिसलं. दारात चपला काढताना वाटलं, आज तुम्ही मनावर घेतलं वाटतं. आत येऊन बघते तर दिशा स्वतःएवढा झाडू घेऊन सोफ्यापाशी वाकलेली. "पप्पा, पाय वर घ्या," म्हणाली, आणि तुम्ही मोबाईलवरची नजरही न काढता पाय वर घेतले. तुमचं बघून पार्थनंही घेतले. वर मलाच म्हणालात, "बघ, पोरगी कशी तयार झाली. आता तुझी कटकट मिटली."

दुसरीत आहे ती. पार्थ पाचवीत. त्याला कधी म्हणालात का, ऊठ म्हणून?

तिच्यासमोर भांडण नको म्हणून काल गप्प बसले. आज घर घाण दिसलं तर वन्सं मलाच बोलतील. बोलू देत, मला सवय आहे.

उठल्यावर दिशा झाडू शोधत बसेल, तिला शोधू देऊ नका. मी तो माळ्यावर टाकलाय. तिथं तिचा हात पोचत नाही. तुमचा पोचतो.

धनश्री