प्रमुखाच्या खुर्चीवरून

मॉडताईस, यॉर्कशायरच्या गारठ्यातून विनीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मी मजेत. गावच्या कोर्टात आम्हा तीन बिनपगारी न्यायाधीशांची आता मी प्रमुख आहे बरं!

मंगळवारी पाववाल्या बाईंच्या लेकीचा, नेलीचा खटला होता, कोळसा चोरल्याचा. सोबतचे दोघे म्हणाले, "तुरुंगच." मी एकटी नको म्हणत राहिले. पण निकाल प्रमुखानेच वाचायचा, तोही "आम्ही ठरवलं" म्हणून. विरोधात कोण होतं, हे कुणालाच सांगायचं नसतं. तूही हे पत्र चुलीत घाल.

बाहेर तिची आई म्हणाली, "बाई, वाटलं होतं, तुमच्या पोटात तरी माया असेल." मी मान लववून पुढे निघाले.

येत्या मंगळवारी पुन्हा तीच खुर्ची. पाव मिळतो अजून; फक्त नेलीची आई तो माझ्या हातात देत नाही, फळीवर ठेवते.

तुझीच,
विनी