तेवीस दिवस आणि ड्रॉवरची किल्ली

जावक क्रमांक : निरंक (मी आता कोणत्याच ऑफिसचा जावक लिपिक नाही)
दिनांक १५ नोव्हेंबर

आदरणीय भाऊजींच्या चरणी हिरामणचा वाकून नमस्कार.

आपली तब्येत, वच्छीताईचा गुडघा आणि नागपूरच्या ऑफिसातली आपली ती कुरकुरणारी खुर्ची, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. धान कापून झालं आहे, आमची सौ. पुस्तकला माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे आणि मी नोकरीतून बडतर्फ झालो आहे. ही शेवटची बातमी ताईच्या कानावर गेलीच असेल, पण ताईकडे पोचेपर्यंत तिला चार जणींचे हात लागलेले असणार. म्हणून नीट क्रमाने लिहितो. एकोणीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला क्रम सोडवत नाही.

गेल्या हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपनीतला बापाचं काम करणारा नट मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. ‘बाप बसला उंबऱ्यावर’चे प्रयोग गावोगावच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रांना, ठरलेले, पोस्टरं छापून झालेली, तीस माणसांची चूल त्यावर. कंपनीचे मालक माझ्या दारात येऊन बसले. म्हणाले, “हिरामणभाऊ, तीनच खेळ जी! चौथ्याले बोलावलं तं माह्या तोंडावर थुंका.” चौथ्याला बोलावलं तेव्हा मी थुंकलो नाही, कारण तोवर दाढी चिकटली होती आणि टाळ्यांची सवय झाली होती. तीनाचे तेवीस दिवस झाले, तेही ऑफिस सोडून. मी आजारी नव्हतो, घरात कोणी गेलं नव्हतं, पूर आला नव्हता. हे मी चौकशीतही असंच सांगितलं. आमच्या हेडक्लार्कांनी मला बाजूला घेऊन कावीळ सुचवली होती (त्यांच्या ओळखीचा डॉक्टर मागच्या तारखेची कावीळ देतो). पण पोस्टरवर माझा फोटो इतका गुटगुटीत आला आहे की कोणत्याच काविळीला तोंड राहिलं नसतं. शिवाय खोटं बोलायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

आता म्हणाल, रजेचा अर्ज का नाही टाकला? टाकला होता, भाऊजी! दुसऱ्याच दिवशी, पोस्टाने, नियमाप्रमाणे. तो ऑफिसात वेळेवर पोचलाही. पण ऑफिसात आलेला कागद आवक नोंदवहीत चढून त्यावर शिक्का बसेपर्यंत तो आलेला नसतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? नोंद करणारा मी, आणि मी होतो दाढी लावून कुरखेड्याकडे. दुसरं कोणी त्या टेबलाला हात लावेना, कारण जो एकदा तिथे बसेल तो निवृत्तीपर्यंत तिथेच अडकेल, ही भीती. आणि हात लावला असता तरी उपयोग नव्हता. शिक्का ज्या ड्रॉवरमध्ये, त्याची किल्ली माझ्या खिशात होती. अर्ध्या जिल्ह्याच्या तलावांचा आणि कालव्यांचा कारभार तेवीस दिवस आवकच झाला नाही.

इकडे साहेबांनी (म्हणजे कार्यकारी अभियंता खरवडे साहेबांनी) ‘तात्काळ हजर व्हा’ अशा तीन नोटिसा माझ्या नावाने काढल्या. त्या सही होऊन रीतसर जावकच्या ट्रेमध्ये पडल्या आणि तिथेच राहिल्या, कारण जावकही मीच. चोविसाव्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी हजर झालो, ड्रॉवर उघडला, गठ्ठा उपसला. सगळ्यात आधी माझा अर्ज आवक केला. मग जावकला हात घातला, तर या तीन नोटिसा. काय करणार? शासकीय कागद आहे, थांबवणारा मी कोण! मी त्यांना क्रमांक दिले, पाकिटात घातल्या, माझा पत्ता घातला आणि रजिस्टर्ड पोस्टाने मलाच पाठवल्या. तिसऱ्या दिवशी घरी पोचल्या, मी पोचपावतीवर सही केली. तीच पोचपावती आता माझ्याविरुद्ध पुरावा क्रमांक चार आहे : ‘नोटिसा मिळूनही अपचारी हजर झाला नाही.’ हजर होतो म्हणून तर त्या मिळाल्या, हे मी चौकशी अधिकाऱ्यांना तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पाणी मागवलं.

पुरावा क्रमांक तीन म्हणजे पोस्टर. ते आमच्याच ऑफिसच्या कंपाउंडवरून सोलून आणलं आहे, मागच्या चुन्यासकट. आणि पाचवा पुरावा एक फोटो आहे. त्यात खुद्द खरवडे साहेब, आमच्या एका प्रयोगाचे उद्घाटक, मला शाल-श्रीफळ देत आहेत. दाढीमुळे त्यांनी ओळखलं नाही. शेवटच्या अंकात, क्षुल्लक चुकीसाठी पोराला घराबाहेर काढणारा बाप उंबऱ्यावर बसून म्हणतो, “चूक वीतभर होती रे, म्या हातभर मारलं,” तेव्हा साहेब रुमालात तोंड घालून रडले होते. पुढच्या सोमवारी त्यांनी पोस्टरवरचं नाव वाचलं आणि मग आरोपपत्रावर कोरड्या डोळ्यांनी सही केली.

भाऊजी, माझी चूक वीतभरच होती असं मी म्हणत नाही. आमचा चौकीदार मडावी डिसेंबरात निवृत्त झाला. त्याच्या पेन्शनचा कागद त्या गठ्ठ्यात तेवीस दिवस पडून होता. ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी त्याच्या घरी जाऊन हात जोडले. तर तो म्हणतो, “काहून माफी मांगता जी? तुमचं नाटक पाहाले मीच दोनदा आलो होतो. तुमीच इथं, तं कागद तिकडं कोन पाहीन, हे मले समजत नव्हतं का?” तो हसला, मला हसता आलं नाही. यासाठी मला शिक्षा व्हायलाच हवी. तेवीस दिवस बिनपगारी करा. एक वेतनवाढ रोखा, दोन रोखा. भर ऑफिसात ठपका वाचून दाखवा, मी स्वतः तो जावक करतो. पण बडतर्फी म्हणजे पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, पुन्हा सरकारी दार नाही. एकोणीस वर्षांत दुसरा एक लाल शेरा माझ्यावर नाही. तेवीस दिवसांना एकोणीस वर्षं, हे कुठलं माप? पुस्तकला म्हणाली, “भाजी खारट झाली तं कोनी चूल फोडते का?” हे वाक्य मी अपिलात घातलं होतं. वकिलांनी काढलं. मी पुन्हा घातलं.

तेव्हा माझं ठरलं आहे. मी लढणार. हात जोडून नाही आणि खोटं बोलूनही नाही. चूक कबूल करून, तिच्या मापाची शिक्षा मागून. आणि निकाल लागेपर्यंत तोंडाला रंग लावणार नाही, अशी शपथ पुस्तकलासमोर, ग्रामदेवतेच्या देवळात घेतली आहे.

वच्छीताईला नमस्कार. गुडघ्याला मोहाचं तेल लावायला सांगा.

आपला साळा,
हिरामण दोनाडकर

ता.क. – बडतर्फीचा हुकूम मला १२ ऑक्टोबरला मिळाला. अपिलाची मुदत पंचेचाळीस दिवस, म्हणजे २६ नोव्हेंबर. वकिलांनी दोन परिच्छेदांवरून वेळ लावला, त्यामुळे अपील १८ तारखेला रजिस्टर्डने निघेल आणि २१ पर्यंत नागपूरला, तुमच्याच ऑफिसात, तुमच्याच आवकच्या टेबलावर पडेल. ताई फोनवर म्हणाली की दरवर्षीप्रमाणे तुम्ही २० पासून आठ दिवस आमच्याकडे मंडईला येणार, आणि दरवर्षीप्रमाणे रजा न टाकता. भाऊजी, एवढंच मागणं आहे. या वेळी शिक्का मारल्याशिवाय निघू नका.

ता.क. २ – पुरावा क्रमांक पाचमध्ये पहिल्या रांगेत, साहेबांच्या मागून, माकडटोपी घातलेले एक गृहस्थ शेंगदाणे सोलताना दिसतात. प्रयोग बुधवारचा होता, उजाडेपर्यंत चालला आणि गुरुवारी नागपूरची ऑफिसं उघडी होती. चौकशी अधिकाऱ्यांनी मला दोनदा विचारलं, हे कोण? मी म्हणालो, असतील कोणी रसिक. पुढेही तेच म्हणणार आहे, मग अपील वेळेवर आवक होवो की न होवो. काळजी नसावी.

ता.क. ३ – त्या नटाचा पाय अजून बरोबर नाही. २७ ला एकच प्रयोग आहे (देवळातल्या शपथेबद्दल पुस्तकलानेच पुजाऱ्याशी बोलून घेतलं आहे). मी सध्या कुठेच नोकरीला नसल्यामुळे कुठूनच गैरहजर राहू शकत नाही. तुमची पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवतो. २६ ला निघा. ड्रॉवरची किल्ली टेबलावर ठेवा, रजेचा अर्ज लिहा, आणि तो आधी स्वतःच्या हाताने आवक करा. मगच माकडटोपी घाला.